शेपटीच्या चाकाचे विमान कसे शिकावे

ऊस गाळपाच्या हंगामात हुक्केरी, संकेश्वर, निपाणी या पट्ट्यात दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर मागे घेताना ज्याने पाहिला आहे, त्याला शेपटीच्या चाकाचे विमान जमिनीवर कसे वागते याची निम्मी कल्पना आधीच आलेली असते. ट्रॅक्टर पुढे जात असतो तेव्हा ट्रॉल्या निमूटपणे मागून येतात आणि थोड्या वाकड्या असल्या तरी आपोआप सरळ होतात. तोच ट्रॅक्टर मागे घेऊ लागले की ट्रॉलीचा कोन बोटभर बिघडला तरी पुढच्या क्षणी तो हातभर होतो, आणि चालकाने बोटभर असतानाच तो ओळखला नाही तर ट्रॉली दुमडून ट्रॅक्टरला येऊन भिडते. वंटमुरीच्या घाटात भरलेली ट्रॉली घेऊन उतरताना ब्रेक एकदम दाबला तर हेच घडते, कारण वजन मागे आहे आणि अडवणारी चाके पुढे आहेत.

शेपटीच्या चाकाच्या विमानात मुख्य चाके पुढे असतात आणि विमानाचा गुरुत्वमध्य त्यांच्या मागे असतो. विमान धावपट्टीवर सरळ धावत असताना नाक किंचित डावीकडे वळले, तर मागचे वजन मात्र आधीच्याच दिशेने पुढे जाऊ पाहते, शेपटीला बाहेर ढकलते आणि वळण आणखी वाढवते. हे वाढत गेले की विमान स्वतःभोवती गर्रकन फिरते, त्याला ग्राउंड लूप म्हणतात. आज सर्वत्र दिसणाऱ्या नाकाखालच्या चाकाच्या विमानात गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या पुढे असतो, त्यामुळे विमान थोडे तिरके टेकले तरी ते स्वतःच सरळ होते. या एका फरकातून पुढचे सगळे धडे निघतात, म्हणून पहिला तास सुरू होण्याआधी तो कागदावर चित्र काढून नीट समजून घ्यावा.

२०२१ मध्ये विमानतळ प्राधिकरणाने वैमानिक प्रशिक्षण संस्थांसाठी जे पाच विमानतळ निवडले त्यांत बेळगावचा समावेश होता, आणि आता बागलकोट रस्त्यावर सांबऱ्याजवळ, म्हणजे बेळगावच्या विमानतळापाशी, थांबले की छोटी प्रशिक्षण विमाने सर्किट, म्हणजे धावपट्टीभोवती फेऱ्या, मारताना दिसतात. तिथे शिकणारी किंवा शिकू पाहणारी आपल्या भागातली मुले अधूनमधून माझ्याकडे येतात. त्यांची विमाने नाकाखालच्या चाकाची आहेत, आणि “काका, टेलव्हील शिकण्याचा आता काय उपयोग?” हा त्यांचा ठरलेला प्रश्न असतो. नोकरीसाठी त्याची गरज नाही, हे मी त्यांना आधी सांगतो. मात्र मी स्वतः १९८० च्या दशकात एका फ्लाइंग क्लबमध्ये पुष्पक या शेपटीच्या चाकाच्या विमानावर शिकलो, आणि माझ्या पायांना जे तेव्हा समजले ते नंतरच्या प्रत्येक विमानात, प्रत्येक आडव्या वाऱ्यात कामाला आले. पाय जागे असणारा वैमानिक घडवायचा असेल तर याच्याइतका सरळ मार्ग मला दुसरा माहीत नाही.

या विमानांशी आपल्या भागाचे नातेही आहे, आणि ते फारसे कोणी सांगत नाही म्हणून इथे नोंदवतो. कोल्हापूरजवळच्या हसूर गावी १९०८ साली जन्मलेले विष्णु माधव घाटगे जर्मनीत गटिंगेन येथे वायुगतिशास्त्रज्ञ लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली शिकले आणि पुढे बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये त्यांनी एचटी-२ हे प्रशिक्षण विमान घडवले. ऑगस्ट १९५१ मध्ये ते प्रथम उडाले. भारतात आखलेले आणि भारतातच उत्पादनात गेलेले हे पहिले प्रशिक्षण विमान शेपटीच्या चाकाचे होते. त्यानंतर १९५८ मध्ये पुष्पक आले: वर पंख, शेजारीशेजारी दोन आसने, कापडाने मढवलेले अंग आणि ९० अश्वशक्तीचे इंजिन. देशभरातल्या फ्लाइंग क्लबांत एक अख्खी पिढी त्याच्यावर शिकली.

क्लब निवडताना

आज भारतात शेपटीच्या चाकाचे उडते विमान आणि ते शिकवणारा प्रशिक्षक दोन्ही असलेले क्लब मोजकेच आहेत, त्यामुळे बेळगावच्या विद्यार्थ्याला त्यासाठी बाहेर जावे लागेल हे गृहीत धरावे. बरीच मुले व्यावसायिक परवान्यासाठी परदेशी जातातच. ज्यांना तशी संधी आहे त्यांनी तिथेच आठ-दहा तास यासाठी राखून ठेवावेत. अमेरिकेत या विमानांसाठी प्रशिक्षक लॉगबुकात स्वतंत्र नोंद करून देतो. त्यासाठी किमान तास ठरवलेले नाहीत, परंतु साध्या आणि आडव्या वाऱ्यातील उड्डाण व उतरणे, व्हील लँडिंग (फक्त मुख्य चाकांवर टेकणे) आणि गो-अराउंड (न उतरता पुन्हा वर जाणे) हे सगळे प्रशिक्षकाचे समाधान होईपर्यंत करून दाखवावे लागते. भारतात परत आल्यावर ती नोंद आपल्या परवान्याच्या संदर्भात कशी धरली जाईल, हे आपल्या मुख्य प्रशिक्षकाकडून आधीच लेखी विचारून घ्यावे.

ज्यांची सुरुवातच इथून आहे त्यांच्यासाठी परवान्याचा रस्ता नेहमीचाच आहे. विद्यार्थी परवान्यासाठी वय १६ पूर्ण, खासगी वैमानिक परवान्यासाठी १७, डीजीसीएने (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने) नेमलेल्या डॉक्टरांकडून वैद्यकीय तपासणी, लेखी परीक्षा, आणि खासगी परवान्यासाठी किमान ४० तासांचे उड्डाण. यात काही वेगळे नाही, म्हणून अधिक लिहीत नाही.

क्लबमध्ये गेल्यावर मात्र तीन गोष्टी विचारायला संकोच करू नये. प्रशिक्षकाने याच प्रकारच्या विमानावर किती काळ शिकवले आहे, हे पहिले. त्याचे एकूण तास कितीही असोत, शेपटीच्या चाकावर त्याचे पाय अलीकडे चाललेले आहेत की नाहीत, हे आपल्या जिवाशी निगडित आहे. विमानाच्या विम्यात विद्यार्थ्याने एकट्याने उडण्यास मुभा आहे का, हे दुसरे. अनेक ठिकाणी ती नसते आणि शेवटच्या दिवशी कळते. तिसरे म्हणजे गवताची धावपट्टी आहे का. गवतावर टायर थोडे सरकतात, तिरके टेकल्याची चूक काही प्रमाणात गवतच पोटात घेते. डांबरी धावपट्टी टायर घट्ट पकडते आणि चूक लगेच वाढवते. पहिले चार-पाच तास गवतावर आणि नंतरचे डांबरावर मिळाले तर उत्तम.

तास सलग दिवशी घ्यावेत. आठवड्यातून एकदा दोन तास उडण्यापेक्षा रोज पाऊण तास आणि त्यात सहा ते आठ वेळा उतरणे, असे सहा दिवस केले तर पाय लवकर तयार होतात. आधीचा परवाना असलेल्या बहुतेकांना पाच ते दहा तास पुरतात. ज्यांना पंधरा लागतात त्यांनी वाईट वाटून घेऊ नये, कारण नाकाखालच्या चाकावर शेकडो तास काढलेल्यांना जुनी सवय मोडायला नवशिक्यापेक्षा जास्त वेळ लागतो.

पहिला दिवस जमिनीवर

पहिल्या दिवशी इंजिन सुरू करण्याची घाई करू नये. विमान उभे असताना आसनावर बसावे, पट्टे बांधावेत आणि दहा मिनिटे फक्त समोर पाहावे. इंजिनाचे झाकण क्षितिजाला कुठे कापते, डावीकडे आणि उजवीकडे किती जमीन दिसते, खिडकीच्या कडेपासून गवत किती खाली आहे, हे डोळ्यांत साठवावे. तिन्ही चाकांवर उतरताना, टेकण्याच्या क्षणी, नेमके हेच चित्र समोर दिसायला हवे. नाक खाली दिसत असेल तर अजून वेळ आहे, आणि याहून वर दिसत असेल तर शेपूट आधी आपटणार. मी शिकत असताना आमचे सर तास संपल्यावरही विमान बांधून झाले की मला पुन्हा आत बसवायचे आणि डोळे मिटून ते चित्र मनात आणायला लावायचे, मग डोळे उघडून पडताळायला सांगायचे. आठव्या-नवव्या वेळी माझे मनातले क्षितिज आणि खरे क्षितिज जुळले, आणि त्याच आठवड्यात माझे उतरणे सुधारले.

पायांत पातळ तळव्याचे बूट असावेत. जाड तळव्याच्या बुटांतून रडर (शेपटीवरचे उभे सुकाणू) हलवणाऱ्या पॅडलचा दाब कळत नाही, आणि चपला तर अजिबात चालत नाहीत. टाचा जमिनीवर आणि चवडे पॅडलच्या खालच्या भागावर, अशी बैठक ठेवावी. पाय वर सरकला की नकळत ब्रेक दाबला जातो, आणि घाटातल्या ट्रॉलीचे उदाहरण इथे शब्दशः लागू पडते. काही जुन्या विमानांत ब्रेक टाचेने दाबावे लागतात. तसे असेल तर ते कुठे आहेत हे पायाने चाचपून पाहावे.

उड्डाणापूर्वीच्या तपासणीत शेपटीच्या चाकाकडे जास्त वेळ द्यावा. चाकाला हाताने हलवून पाहावे, त्यात सैलपणा आहे का. रडरला जोडणाऱ्या स्प्रिंगा आणि साखळ्या दोन्ही बाजूंना सारख्या ताणलेल्या आहेत का. चाक धरणाऱ्या स्प्रिंगच्या पट्टीला तडा आहे का. टायर एका बाजूने झिजला आहे का. चाक रडरसोबत वळणारे आहे, मोकळे फिरणारे आहे की कुलूप लावता येणारे आहे, हे विचारून घ्यावे, कारण तिन्ही प्रकार जमिनीवर वेगवेगळे वागतात. कापडी विमान असेल तर शेपटीखालच्या कापडावर खडी उडून छिद्रे पडतात, तीही पाहावीत.

टॅक्सी

विमान जमिनीवर चालवणे, म्हणजे टॅक्सी करणे, हा या प्रशिक्षणाचा कमी लेखला जाणारा आणि तरीही सर्वांत मोलाचा भाग आहे. नाक वर असल्याने समोरचे दिसत नाही, म्हणून नागमोडी चालावे: थोडे डावीकडे वळून उजव्या खिडकीतून पुढे पाहायचे, मग उजवीकडे वळून डाव्या खिडकीतून. वेग भरभर चालणाऱ्या माणसाइतका, त्याहून जास्त नाही.

वळण सुरू करायला रडर लागते, पण ते थांबवायला उलट रडर लागते, आणि तेही विमान हव्या त्या दिशेला पोहोचण्याआधी. नवा विद्यार्थी विमान वळेपर्यंत वाट पाहतो, मग जोरात उलट पाय देतो, तेव्हा विमान दुसऱ्या बाजूला झेपावते, मग तो आणखी जोरात पाय देतो. हे टाळायचे असेल तर पायाने दाब धरून न ठेवता हलका ठोका द्यावा आणि लगेच सैल करावा. नाक हलल्याचे डोळ्यांना दिसण्याआधी ते कमरेखाली, आसनात जाणवते. तिकडे लक्ष देण्याची सवय करावी.

वाऱ्याचा विचार टॅक्सीपासूनच सुरू होतो. मुख्य चाकांच्या मागे शेपटीचा मोठा पृष्ठभाग असल्याने विमान वातकुक्कुटासारखे सतत वाऱ्याकडे तोंड करू पाहते. वारा समोरून किंवा समोरच्या बाजूने येत असेल तर कंट्रोल कॉलम (हातातला दांडा) पूर्ण मागे आणि वाऱ्याच्या बाजूला वळवलेला ठेवावा. वारा मागून किंवा मागच्या बाजूने येत असेल तर कॉलम पुढे आणि वाऱ्यापासून दूर वळवलेला ठेवावा, नाहीतर वारा एलिव्हेटरखाली (शेपटीच्या आडव्या, हलत्या पट्टीखाली) शिरून शेपूट उचलतो. टॅक्सीवेवर वळलो की हात आपोआप नव्या जागी जायला हवा. त्यासाठी मी विद्यार्थ्यांना घराच्या गच्चीवर उभे राहून, झाडांची पाने किंवा गुऱ्हाळाचा धूर पाहून वाऱ्याची दिशा ओळखायला आणि मग चारही दिशांना तोंड करून हाताची जागा सांगायला लावतो. फुकटचा सराव आहे आणि तो खरोखर कामाला येतो.

उड्डाण

धावपट्टीवर रेषेत आल्यावर चार-पाच मीटर सरळ पुढे जाऊन थांबावे, म्हणजे शेपटीचे चाक सरळ होते. थ्रॉटल (इंजिनाचा जोर कमी-जास्त करणारा दांडा) एकदम न देता मनात तीन-चार आकडे मोजत पूर्ण उघडावा. इंजिनाचा जोर वाढतो तसे नाक एका बाजूला ओढले जाते. पुष्पक, सेसना, पायपर अशा विमानांत प्रॉपेलर वैमानिकाच्या बाजूने पाहता घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो आणि नाक डावीकडे जाते, म्हणून उजवा पाय लागतो. टायगर मॉथसारख्या जुन्या ब्रिटिश विमानांत प्रॉपेलर उलट फिरतो आणि सगळे उलटे होते. कोणत्या विमानात बसलो आहोत हे त्यासाठी थ्रॉटलला हात लावण्याआधी स्वतःला सांगावे.

वेग येताच कॉलम हळूच पुढे देऊन शेपूट उचलावी. नेमक्या याच क्षणी नाक आणखी एकदा डावीकडे झटका देते, कारण फिरत्या प्रॉपेलरचा पृष्ठभाग कललेला असतो तो आपण उभा करतो आणि भोवऱ्यासारखा त्याचा परिणाम काटकोनात उमटतो. शेपूट जितकी झटकन उचलाल तितका झटका मोठा. म्हणून शेपूट सावकाश, आणि उजवा पाय तिच्यासोबतच, तिच्यानंतर नाही. शेपूट क्षितिजाला समांतर होण्याच्या थोडे आधीच थांबवावी. फार उचलली तर प्रॉपेलर जमिनीला लागू शकतो.

उतरणे

आता मुख्य विषय. तिन्ही चाकांवर उतरणे हे शेपटीच्या चाकाच्या विमानाचे नैसर्गिक उतरणे आहे, आणि ते वेगावर अवलंबून असते. धावपट्टीकडे येताना ठरवलेला वेग राखावा, त्यात दोन-चार नॉटसुद्धा (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) उगाच वाढवू नयेत. जमिनीपासून साधारण दोन पुरुष उंचीवर उतरण्याचा कोन मोडावा, थ्रॉटल बंद करावा आणि हातभर उंचीवर विमान धरून ठेवावे. विमान खाली येऊ लागेल, तेवढाच कॉलम मागे. पुन्हा खाली येऊ लागेल, पुन्हा तेवढाच मागे. आमचे सर कानाशी एकच वाक्य म्हणत राहायचे, “टेकू देऊ नकोस, टेकू देऊ नकोस,” आणि टेकू न देण्याच्या त्या प्रयत्नातच वेग इतका कमी व्हायचा की कॉलम पोटाशी आल्यावर तिन्ही चाके एकाच वेळी, आवाजही न करता टेकायची.

या वेळी नजर नाकावर नको. दूर, धावपट्टीच्या टोकाकडे पाहावे आणि दोन्ही कडा डोळ्यांच्या कोपऱ्यात सारख्या दिसत आहेत का, याकडे लक्ष ठेवावे. टेकण्याच्या क्षणी विमान ज्या दिशेने जात आहे त्याच दिशेने त्याचे नाक असायलाच हवे. थोडेसे तिरके टेकले तर काय होते हे सुरुवातीला सांगितलेच आहे.

मुख्य चाके आधी आणि थोडी आपटून टेकली तर मागचे वजन शेपटीला खाली ढकलते, पंखांचा कोन वाढतो आणि विमान पुन्हा हवेत उसळते. उसळी लहान असेल तर कॉलम पुढे न देता आहे ती ठेवण धरावी, चिमूटभर थ्रॉटल द्यावा आणि पुन्हा टेकू द्यावे. उसळी मोठी असेल तर विचार न करता पूर्ण थ्रॉटल आणि गो-अराउंड. उसळीचा पाठलाग करीत कॉलम पुढे-मागे करणाऱ्याची दुसरी उसळी पहिलीपेक्षा मोठी असते आणि तिसरी प्रॉपेलर घेऊन जाते.

चाके टेकली की विद्यार्थ्याला वाटते उतरणे झाले, आणि अवघड भाग तिथूनच सुरू होतो. वेग जसजसा कमी होतो तसतसे रडरवरून वाहणारी हवा मंदावते आणि रडरची पकड सुटत जाते. शेपटीच्या चाकाची पकड आणि ब्रेकचा उपयोग त्याच वेळी हळूहळू सुरू होत असतो. साधारण ३० ते १५ नॉटच्या मधला हा पट्टा सर्वांत नाजूक. कॉलम पूर्ण मागे धरून शेपटीचे चाक जमिनीवर दाबून ठेवावे आणि पाय चालू ठेवावेत, बारीक, सतत, डावा-उजवा.

माझा स्वतःचा अपघात याच पट्ट्यात झाला. एकट्याने उडण्याचे माझे सहावे किंवा सातवे उड्डाण होते, दुपारची वेळ होती, तिन्ही चाके सुरेख टेकली होती. वेग कमी झाला, मी श्वास सोडला आणि हँगरपाशी उभ्या असलेल्या मित्रांकडे पाहिले. मागच्या उजव्या बाजूने वाऱ्याचा एक झोत आला. शेपूट डावीकडे सरकल्याचे मला आसनात जाणवले, पण माझे दोन्ही पाय त्या वेळी पॅडलवर नुसते ठेवलेले होते, आणि ते हलेपर्यंत विमान गवतात जाऊन ज्या दिशेने आलो त्या दिशेकडे तोंड करून थांबले होते. डाव्या पंखाचे टोक घासले, कापड फाटले, लाकडी टोक वाकले. सर चालत आले. ओरडले नाहीत. “विमान थांबलं होतं का?” एवढेच विचारले. मी म्हणालो, “नाही सर.” “मग पाय कसे थांबले?” तो पंख दुरुस्त होईपर्यंत तीन आठवडे मी हँगरमध्ये कापड ताणायला आणि डोप (कापड ताठ करणारा लेप) लावायला मदत केली. प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला मी हे सांगतो, कारण ज्या क्षणी हे घडते तो क्षण कोणत्याही पुस्तकात मोठा दिसत नाही.

वळण सुरू झालेच तर पूर्ण उलट रडर द्यावे. रडरवर हवा वाढवण्यासाठी थ्रॉटलचा छोटा झटका देण्याचे तंत्र प्रशिक्षकासोबतच शिकून घ्यावे. वळण हाताबाहेर गेले तर थ्रॉटल बंद आणि कॉलम पूर्ण मागे ठेवावा, म्हणजे निदान विमान नाकावर उलटत नाही.

व्हील लँडिंग म्हणजे शेपूट वर ठेवून फक्त मुख्य चाकांवर टेकणे. यात थोडा जास्त वेग आणि अगदी हळू खाली येणे लागते. चाके टेकल्याचे जाणवले की लगेच, पण हलक्या हाताने, कॉलम किंचित पुढे द्यावा, म्हणजे पंखांचा कोन कमी होऊन विमान जमिनीला चिकटते. टेकण्याआधी कॉलम पुढे देणे ही यातली सर्वांत महागडी चूक आहे. एलिव्हेटरमध्ये जोर असेपर्यंत शेपूट आपणच खाली आणावी, ती पडेपर्यंत थांबू नये. झोतांच्या वाऱ्यात समोरचे दिसते आणि रडरला हवा मिळते, म्हणून अनेक वैमानिक तेव्हा हीच पद्धत निवडतात. माझे मत विचाराल तर तिन्ही चाकांवरचे उतरणे पक्के झाल्याशिवाय व्हील लँडिंग सुरू करू नये, जरी काही प्रशिक्षक उलट क्रमाने शिकवतात.

बेळगावची हवा आणि उंची

आडव्या वाऱ्यात वाऱ्याच्या बाजूचा पंख खाली ठेवून आणि उलट रडरने नाक धावपट्टीच्या रेषेत धरून उतरावे. वाऱ्याकडचे मुख्य चाक आणि शेपटीचे चाक आधी टेकतात, दुसरे मुख्य चाक नंतर. वेग कमी होत जाईल तसा एलरॉन (पंखांच्या टोकांकडच्या हलत्या पट्ट्या) वाऱ्याच्या बाजूला वाढवत पूर्ण टोकापर्यंत न्यावा. सांबऱ्याची धावपट्टी जवळजवळ पूर्व-पश्चिम आहे, ०८ आणि २६ (होकायंत्रावर सुमारे ८० आणि २६० अंश), आणि पावसाळ्यात वारा बहुतेक पश्चिमेकडून येतो, त्यामुळे तो पुष्कळदा रेषेतच असतो. २४० अंशांवरून २० नॉटचा वारा असेल तर २६ वर त्याचा आडवा भाग सुमारे ७ नॉट भरतो. तोच वारा धावपट्टीशी ३० अंशांचा कोन करील तर १० नॉट होतो. हा हिशेब उडण्याआधी वहीत करावा, आणि सुरुवातीला स्वतःसाठी पाच-सात नॉटची मर्यादा ठरवून ती लिहून ठेवावी.

सांबरा समुद्रसपाटीपासून सुमारे २,५०० फूट उंच आहे. एप्रिल-मे महिन्यात तापमान ३५ अंशांवर गेले की हवा साडेपाच हजार फुटांवरच्या हवेइतकी विरळ होते. वेगदर्शकावर नेहमीचाच आकडा दिसतो, पण जमिनीवरचा खरा वेग सुमारे आठ टक्क्यांनी जास्त असतो. इंजिनाचा जोर कमी, उड्डाणाची धाव लांब, आणि उतरल्यावर त्या नाजूक पट्ट्यापर्यंत यायला जास्त अंतर. त्यातच दुपारी तापलेल्या काळ्या रानावरून हवा उसळते आणि चारनंतर वळवाचे ढग चढतात. आपल्या भागातल्या कोणत्याही धावपट्टीवर हे शिकायचे झाल्यास नोव्हेंबर ते फेब्रुवारीतल्या सकाळी निवडाव्यात, धुके विरल्यावर आणि दहाच्या आत.

थांबल्यानंतर

विमान जागेवर आल्यावर शक्य असेल तर नाक वाऱ्याकडे करून उभे करावे. इंजिन बंद करून चाकांना अडणी लावेपर्यंत एकाने आत कॉलम धरून बसावे. मग दोन्ही पंखांच्या आणि शेपटीच्या कड्यांतून दोर ओवून जमिनीतल्या आकड्यांना बांधावेत. दोर पाऊस लागला की आखडणारा असेल तर बोटभर सैल ठेवावा. कॉलम पट्ट्याने बांधावा, म्हणजे रात्रीच्या वाऱ्यात एलरॉन आणि एलिव्हेटर आपटत नाहीत. त्यानंतर लॉगबुक भरावे, आणि तासांच्या शेजारी तिन्ही चाकांवरचे किती वेळा उतरलो, व्हील लँडिंग किती वेळा, वारा कुठून किती होता, आणि त्या दिवशी पाय कुठे उशिरा हलला, हे त्याच वेळी, हँगरमधून बाहेर पडण्याआधी लिहून ठेवावे.